पंप निर्दोष होता



मी लष्करात इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स, म्हणजे ईएमई कोअरमध्ये होतो. लढणारा शिपाई वेगळा आणि त्याची गाडी, तोफ, रडार चालू ठेवणारा वेगळा. आम्ही दुसऱ्या जातीचे. शिक्षण सिकंदराबादला झालं, काही वर्षं बडोद्याला शिकवलं, बाकीचा काळ वर्कशॉपमध्ये, शक्तिमान ट्रकच्या बॉनेटखाली डोकं घालून. निवृत्तीनंतर बायकोच्या माहेराजवळ, देवासला राहतो. त्यामुळे माझ्या मराठीत मधूनमधून माळवा डोकावेल, सांभाळून घ्या.

आज जुन्या ट्रॅक्टरबद्दल बोलणार आहे. आपल्यातले बरेच जण इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, असे कुठे कुठे आहेत. स्वतः शेती करत नसतील, पण कुणाचा तरी मामा, काका, मेहुणा शेतात आहे आणि एक दिवस त्याचा फोन येतो, 'जुना ट्रॅक्टर घेतलाय, बंद पडतोय, काय करू?' तुम्ही इंजिनिअर असाल तर हा फोन नक्की येतो, मग तुम्ही कॉम्प्युटरचे इंजिनिअर असलात तरी.

मला तो फोन माझ्या भाच्याचा आला. आणि त्या प्रकरणात मी जी चूक केली ती सांगण्यासाठी आज इथे बसलोय.

भाच्याची देवासपासून पंचवीसएक किलोमीटरवर बारा एकर काळी जमीन. सप्टेंबरमध्ये त्याने उज्जैनकडच्या एका गावातून ट्रॅक्टर घेतला. बारा वर्षं जुना, तीन सिलिंडरचा, चाळीस एचपीच्या आसपासचा. दोन लाख ऐंशी हजार रुपये. त्यातले दीड लाख त्याच्या सासऱ्यांचे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण ट्रॅक्टर शेतात बंद पडला की तो फक्त शेतात बंद पडत नाही, घरातही पडतो.

घेताना त्याने पाहिलं ते वाईट नव्हतं. मी त्याला फोनवर सांगितलं होतं की इंजिन थंड असतानाच जा, पोचल्यावर आधी हात लावून बघ. विकणारा बहुधा आधीच अर्धा तास चालवून ठेवतो, म्हणजे थंडीत सुरू व्हायला त्रास देतो का ते कळत नाही. अवर मीटरवर विश्वास ठेवू नकोस, तो बदलता येतो. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर बघ, मागे हुकच्या पिनचं भोक गोल आहे की लांबट झालंय ते बघ. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघड. भकाभका धूर आला तर पिस्टन-रिंग संपल्यात. कल्टिव्हेटर उचल, इंजिन बंद कर आणि चहा पी; चहा संपेपर्यंत कल्टिव्हेटर जमिनीवर आला तर हायड्रॉलिक गळतंय. आरसी बुकावरचा चॅसिस नंबर जुळव, बँकेचा बोजा उतरलाय का बघ. हे सगळं त्याने केलं. ट्रॅक्टर पास झाला.

महिनाभर ट्रॉली ओढली, काही तक्रार नाही. मग ऑक्टोबरच्या शेवटी सोयाबीन निघालं आणि गव्हासाठी रान तयार करायला कल्टिव्हेटर लावला. पाऊण तास झाला की इंजिनचा आवाज वरखाली व्हायचा, दम लागल्यासारखा, आणि मग बंद. फीड पंपाचं हँड प्रायमर तीस-चाळीस वेळा मारलं, हवा काढली, की पुन्हा सुरू. पुन्हा पाऊण तास. कधी अर्धाच तास.

काळ्या जमिनीचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोयाबीन काढल्यावर जमिनीत जी ओल असते ती थोडे दिवस टिकते. तेवढ्यात पेरलं तर एक पाणी वाचतं. नाही तर आधी विहिरीचं पाणी द्यायचं, त्याला इकडे पलेवा म्हणतात, मग वाफसा येईपर्यंत थांबायचं आणि मग पेरायचं. ज्याची विहीर मार्चमध्ये तळ दाखवते त्याला ते एक पाणी महाग पडतं.

गावात एक मिस्त्री आहे. पन्नाशीचा माणूस, शाळा पाचवीपर्यंत, हात उत्तम. तो आला, दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, हवा काढली. त्याच दिवशी भाच्याने पंपावर जाऊन टाकी फुल केली. ट्रॅक्टर दीड दिवस मजेत चालला. सगळे म्हणाले, फिल्टरच होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

इथे थांबा. त्या दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या, फिल्टर आणि टाकीतली पातळी. श्रेय एकीला मिळालं. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मी पोचलो तेव्हा माझ्याही आलं नाही.

मी पोचलो म्हणजे कसा, तर मामा आले, कर्नलसाब आले, असा. खुर्ची आली, चहा आला. मिस्त्री बाजूला उभा. मी तपासणी सुरू केली आणि ती, माझ्या मते, पद्धतशीर होती.

डिझेल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, डिझेल आणि दाब. दाब गेला असेल तर इंजिन सकाळी थंडीत आधी रुसतं. हे सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होत होतं. हवा कमी पडली, म्हणजे एअर क्लीनर तुंबला, तर धूर काळा येतो. इथे काळा धूर नव्हता. बंद पडताना थोडे पांढरे झोत यायचे, डोळ्यांना झोंबणारे. तो न जळलेल्या डिझेलचा धूर. पाण्याची वाफही पांढरीच दिसते, पण ती झोंबत नाही. निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. तेव्हा प्रश्न डिझेलचा. इथपर्यंत मी बरोबर होतो.

डिझेल टाकीतून कॉकमधून, नळीतून, फीड पंपातून, दोन फिल्टरमधून मोठ्या पंपात जातं आणि तिथून नोझलला. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, हवा आत जायला. ते बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल खाली उतरत नाही. इंजिन मरायला लागलं तेव्हा मी झाकण उघडलं. फस्स आवाज आला नाही, इंजिनही सावरलं नाही. झाकण ठीक. मग कॉकखालची नळी काढली, कॉक उघडला. बोटाएवढी धार आली. दोन सेकंद पाहिली, डिझेल वाया नको म्हणून बंद केली. टाकी ठीक.

मिस्त्री म्हणाला, "साब, एक बार टंकी उतार लें क्या?"

मी म्हणालो, "टंकी देख ली है, उस्ताद."

तो गप्प बसला. त्या वेळी माझ्या आवाजात काय होतं ते मला आज ऐकू येतं. वीस-पंचवीस वर्षं ज्या आवाजावर माणसं 'जी सर' म्हणत आली तो आवाज होता.

मग मी माझी थिअरी मांडली. पंपाचे प्लंजर झिजले आहेत. पाऊण तासात डिझेल तापतं, पातळ होतं, झिजलेल्या फटीतून मागे सरकतं, नोझलला पुरेसा दाब मिळत नाही. अशा पंपांची ही खरीखुरी खोड आहे, मी अनेकदा पाहिली आहे. थिअरी सुंदर होती. पंप उतरवला, शहरातल्या पंप-दुरुस्तीच्या दुकानात गेला, चौदा हजार रुपये. दुकानदाराने सांगितलंही की झीज फारशी नव्हती, पण उघडलाच आहे तर एलिमेंट बदलून टाकले. 'फारशी नव्हती' हे ऐकून मी जागं व्हायला हवं होतं. मला ते चौदा हजारांच्या समर्थनासारखं ऐकू आलं.

पंप बसवला, टाकी फुल केली, ट्रॅक्टर छान चालला. मी देवासला परत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन, "मामा, पुन्हा."

आता घरात काय झालं असेल ते बघा. सासरे म्हणाले, घेतानाच सांगितलं होतं. भाच्याने शेवटी राग मिस्त्रीवर काढला. पंप यानेच उतरवला, यानेच शहरात नेला, रस्त्यात चांगले भाग काढून जुने घातले असणार, असं चारचौघांत म्हणाला. मिस्त्रीने हत्यारांची पेटी उचलली आणि निघून गेला. भाचा ट्रॅक्टर दोन लाखांत काढायला तयार झाला. आणि मी? मी मिस्त्रीच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. कारण मिस्त्री चोर नसेल तर चूक कोणाची, हा पुढचा प्रश्न होता.

त्या रात्री झोप लागली नाही तेव्हा मी कागद घेतला. वर्कशॉपमध्ये आम्ही शिकाऊ पोरांना सांगायचो, तुझ्या निदानात न बसणारी गोष्ट आधी लिही. मी लिहिली. पंप झिजलेला असता तर गरम इंजिन लगेच सुरू व्हायला नको. थंड होईपर्यंत थांबायला हवं. पण हा ट्रॅक्टर प्रायमर मारून हवा काढली की गरम असतानाच सुरू होत होता. म्हणजे हवा काढणं हेच औषध होतं. म्हणजे आत हवा शिरत होती. हे पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यासमोर होतं.

दुसरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी. लष्करात गाडी वर्कशॉपमध्ये आली की आधी ड्रायव्हरला उभं करतात. कधीपासून, काय करताना, चढावर की उतारावर, त्याआधी गाडीला काय केलं होतं. ड्रायव्हरशी बोलल्याशिवाय पाना उचलायचा नाही. इथे बारा वर्षं तो ट्रॅक्टर चालवणारा माणूस दीड तासाच्या अंतरावर होता आणि मी त्याला विचारलंच नव्हतं.

सकाळी गेलो. आधीच्या मालकाला मी काही बोललो नाही, सरळ त्याच्या ड्रायव्हरला गाठलं. म्हातारा गुरांना चारा घालत होता. मी विचारलं, काका, तुमच्याकडे कधी बंद पडायचा का?

"आधी टंकी से नीचे नहीं जाने देना, साब. हम तो रोज सुबह भर लेते थे."

का, असं विचारलं तर म्हणाला, तीन वर्षं झाली, असंच आहे. त्याने कुणापासून काही लपवलं नव्हतं. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

परत येऊन मी एक पाच लिटरचा डबा, दोन मीटर पारदर्शक नळी आणि चार क्लिपा घेतल्या. आजच्या भाषणातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर हा डबा घ्या. टाकीची नळी फीड पंपापासून काढायची आणि तिथे डब्याची नळी लावायची. डब्यात स्वच्छ, गाळलेलं डिझेल. डबा टाकीच्या उंचीला बांधायचा, सायलेन्सरपासून लांब. पंपातून परत येणारी ओव्हरफ्लोची नळीही डब्यातच सोडायची. आता टाकी, कॉक आणि जुनी नळी या तिघांना रजा दिली. फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, नोझल तेच. ट्रॅक्टर कल्टिव्हेटरला लावायचा. बंद पडला तर दोष पंपाच्या बाजूला. चालला तर टाकीच्या बाजूला. दोनशे रुपयांचं सामान, आणि चौदा हजारांच्या आधी करायचं काम.

चालला. डबा दोनदा भरून जवळजवळ दोन तास चालला, आवाज एकदाही हलला नाही. पंप निर्दोष होता. बहुधा दुरुस्तीला गेला त्याआधीही होता.

मग डबा काढून टाकी परत जोडली, पण फीड पंपाच्या अगदी आधी हातभर पारदर्शक नळी ठेवली. टाकी अर्ध्याखाली. ट्रॅक्टर उभा असताना नळीत स्वच्छ पिवळं डिझेल. कल्टिव्हेटर जमिनीत घातला, विसेक मिनिटांनी मोहरीएवढे बुडबुडे, मग माळच लागली. जुन्या नळीवर हात फिरवला तर कॉकच्या खाली वितभर जागेवर धुळीचा ओलसर थर. रबर कडक होऊन केसाएवढी चीर पडली होती. टाकी भरलेली असताना वरच्या डिझेलचं वजन चिरेतून थेंब बाहेर ढकलायचं, म्हणून ती ओल. पातळी उतरली आणि कामावर इंजिन जास्त डिझेल मागायला लागलं की फीड पंपाची ओढ त्या वजनावर मात करायची आणि त्याच चिरेतून हवा आत. म्हाताऱ्याची अर्धी टाकी ती हीच. ट्रॉली ओढताना डिझेल कमी लागतं, म्हणून महिनाभर कळलं नाही.

नळी बदलली, एकशे ऐंशी रुपये. मी भाच्याला म्हणणार होतो, झालं काम. पण आधी एकदा तोंड पोळलं होतं म्हणून आणखी तासभर चालवायला लावला. बुडबुडे नाहीत, बंद पडला नाही, पण अर्ध्या तासाने जोर कमी झाला. धूर नाही, हवा नाही, नुसता उपाशी.

म्हणजे दुसरा चोर होता. बरोबरही होतं: टाकी इंजिनाच्या वर असताना फीड पंपाला इतकं ओढावं का लागत होतं? वाट कुठेतरी अरुंद असल्याशिवाय नाही. कॉक पुन्हा उघडला, या वेळी खाली बादली ठेवून पूर्ण दोन मिनिटं. पहिले दहा सेकंद बोटाएवढी धार, तीच जी मी तेव्हा पाहिली होती. मग पेन्सिलीएवढी. मग सुतळी. कॉक बंद करून पाच मिनिटं थांबलो, उघडला, पुन्हा बोटाएवढी. टाकीत काहीतरी होतं जे प्रवाहाबरोबर येऊन जाळीवर बसत होतं आणि प्रवाह थांबला की खाली पडत होतं.

टाकी उतरवावी लागणार होती. मिस्त्रीने पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं.

टाकी मी आणि भाचा दोघं मिळून उतरवू शकलो असतो, चार बोल्ट आणि दोन पट्टे. मी त्याला म्हटलं, आधी मिस्त्रीकडे जाऊ. तो म्हणाला, मामा, काम झाल्यावर जाऊ. मी म्हटलं, काम झाल्यावर ती माफी राहणार नाही, बातमी होईल. गेलो. तो दुसऱ्या कुणाच्या थ्रेशरचा बेअरिंग काढत होता, त्याने मान वर केली नाही. मी उभा राहूनच बोललो. म्हटलं, पंप ठीक था, गलती मेरी थी, आपने टंकी बोली थी, मैंने सुनी नहीं. भाच्याने हात जोडले, त्याला शब्द सापडेनात. थ्रेशरवाला आणि आणखी दोघं-तिघं ऐकत होते, आणि ते बरं झालं, कारण आरोपही चारचौघांतच झाला होता.

मिस्त्री बराच वेळ बेअरिंगच पुसत राहिला. मग म्हणाला, "शाम को आऊंगा. टंकी में डीजल कम रखना, भारी पड़ती है."

संध्याकाळी टाकी उतरवून त्याने ती उलटी केली, मूठभर खडी आणि थोडं डिझेल घालून हलवली. परातीत जे पडलं ते तांबूस, नखाएवढे पातळ पापुद्रे होते. कधीतरी टाकी गंजून गळायला लागली असणार आणि कुणीतरी आतून सीलबंद करणारा लेप फिरवला असणार. गंजावर लेप धरत नाही. तो सुटत होता. मिस्त्रीने एक पापुद्रा दिव्यासमोर धरला आणि माझ्याकडे न बघता भाच्याला म्हणाला, साब को दिखाओ. तो टोमणा माझ्या हिशेबात जमा आहे, मी तो घेतला.

टाकी तीन वेळा धुतली, कॉकची जाळी बदलली. मिस्त्री म्हणाला, लेप अजून सुटत राहील, पुढच्या हंगामात टाकी बदलावी लागेल, तोवर दर पंधरा दिवसांनी कॉक दोन मिनिटं उघडून बघा. भाचा तसं करतो.

बारापैकी पाच एकर तोपर्यंत भाड्याच्या ट्रॅक्टरने ओलीवर पेरून झाले होते. उरलेल्या सात एकरांची ओल गेली होती, त्यांना पलेवा द्यावा लागला. सासऱ्यांचे दीड लाख फिटायला अजून वेळ आहे. चौदा हजार मी देतो म्हटलं, बहिणीने घेतले नाहीत. भाच्याला न सांगता मी ते सासऱ्यांच्या हिशेबात भरले. आता हे भाषण तो ऐकेल तेव्हा त्याला कळेल.

एक सुरक्षेची गोष्ट राहिली. कोणतं सिलिंडर कमजोर आहे ते बघायला चालू इंजिनवर नोझलच्या नळीचा नट ढिला करतात. ज्याचा ढिला करूनही इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही ते काम करत नव्हतं. ही तपासणी चांगली आहे, पण जाणकाराने, कमी आरपीएमवर, चष्मा घालून आणि जाड फडकं धरूनच करावी. नोझल दोनशे बारच्या आसपास उघडतं, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट दाब. त्या फवाऱ्यासमोर बोट धरलं तर डिझेल कातडी फोडून आत जातं, बाहेरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. तसं झालं तर सुजेची वाट न बघता त्याच तासात मोठ्या हॉस्पिटलात जा आणि डॉक्टरांना 'डिझेल आत गेलंय' हे शब्द सांगा.

प्रश्न असतील तर खाली लिहा, मी स्वतः वाचतो. फक्त ट्रॅक्टरची कंपनी आणि मॉडेल सर्वांत शेवटी लिहा. आधी लिहा: बंद पडला तेव्हा तो काय ओढत होता, टाकीत किती डिझेल होतं, धुराचा रंग कोणता होता, आणि पुन्हा सुरू करायला तुम्ही नेमकं काय केलंत. आणि तुमच्या आधी तो कोण चालवायचं, त्याचा फोन नंबर असेल तर आधी त्याला लावा, मला नंतर.